राजकन्येचं पॅकेज

जहाजावरून परत आल्यापासून सोसायटीतले लोक मला दोनच प्रश्न विचारतात. एक, उलट्या झाल्या का? आणि दोन, तिथे लहान मुलींना राजकन्या करतात म्हणे, ते पॅकेज घेण्यासारखं असतं का? पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं उत्तर मी माणूस बघून देतो. आमच्या विश्रांतवाडीत सल्ला विचारतात तो घ्यायला नाही. आपलं बुकिंग झालंय, हे समोरच्याला कळावं म्हणून विचारतात.

आता जहाज कुठून आलं, ते सांगतो. आमची एकुलती एक मुलगी ऑस्ट्रेलियात असते. नात जन्मली आणि लगोलग जगाला कुलूप लागलं. कुलूप उघडलं तोवर आमच्या हिच्या गुडघ्यांनी मान टाकली. आधी उजवा, मग डावा. नात दोन वर्षांची असताना एकदा पुण्याला आली, ती भर पावसाळ्यात, आणि आठवड्याच्या आत तिला डेंग्यू झाला. तेव्हापासून जावयाने पुण्याची धास्ती घेतली आहे. त्यात त्याची चूक नाही. एवढ्याशा हाताला लावलेली सलाइन मीही बघितली आहे, आणि ती आठवली की मलाही त्या गावाचा राग येतो, ज्या गावात मी जन्म काढला.

मग जावयानेच तोडगा काढला. ना तुमच्याकडे, ना आमच्याकडे. जानेवारीत सगळ्यांनी सिंगापूरला यायचं आणि तिथून जहाजावर चढायचं. भारत-पाकिस्तानची मॅच दुबईत ठेवतात, तसा प्रकार. मी म्हटलं, चला. पाटबंधारे खात्यात हयात गेली, पाण्याचं मला काही नवल नाही. फक्त धरणातलं पाणी एका जागी राहतं, एवढाच फरक.

आमच्या हिने जहाजाचं नाव विचारलं नाही, किती मजली आहे ते विचारलं नाही. तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं आणि तारखांवर बोट फिरवलं.

"अहो, संक्रांत होऊन गेलेली असेल आणि रथसप्तमी व्हायची असेल," ती म्हणाली. "बोरन्हाण होईल हो पोरीचं."

पाच वर्षांच्या आतल्या मुलाचंच बोरन्हाण करतात. काळे कपडे घालायचे, हलव्याचे दागिने घालायचे, पाटावर बसवायचं आणि बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे, गोळ्या असं सगळं डोक्यावरून ओतायचं. भोवती जमलेली पोरं ते लुटतात. नात फेब्रुवारीत पाचाची होणार होती, म्हणजे हीच शेवटची संक्रांत. मी म्हटलं, अगं, जहाजावर कुठे बोरन्हाण? तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "बारसं फोनवर बघितलं. उष्टावण फोनवर बघितलं. पहिला वाढदिवस तर अर्धाच बघितला, मेणबत्ती विझायच्या आत नेट गेलं. मी आजी आहे का प्रेक्षक?"

मी पिशवी घेऊन मंडईत गेलो.

हलवा तिने घरी केला. हल्ली कोणी करत नाही, तुळशीबागेत दागिन्यांचा अख्खा संच मिळतो, तिच्या दोन्ही बहिणी तोच आणतात. पण हिला विकतचा चालणार नव्हता. मंद गॅसवर परात ठेवायची, तिळावर चमचा चमचा पाक सोडायचा आणि बोटांनी हलवत बसायचं. घाई केली तर काटा येत नाही. मी एकदा विचारलं, किती वेळ लागेल? "तुमच्या खात्याने कालवा बांधला, त्यापेक्षा कमी," असं उत्तर आलं. मी पुन्हा विचारलं नाही. तिच्या बोटांची टोकं लाल झाली होती. शेवटी मुकुट, हार, बाजूबंद, कमरपट्टा असं सगळं ओवून झालं, तेव्हा मला कबूल करावं लागलं की बाजारात असं मिळत नाही.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. जहाजावरच्या शेवटच्या दुपारचं तिने नातीसाठी राजकन्येचं पॅकेज घेतलं होतं. त्याचे तीन प्रकार असतात, असं तिने मला समजावून सांगितलं. पहिल्यात नुसती वेणी, नखांना रंग आणि गालावर चमकी. दुसऱ्यात झगा आणि मुकुट. तिसऱ्यात हे सगळं, शिवाय राजकन्येबरोबर चहा. मुलीने तिसरं घेतलं होतं.

"राजकन्येबरोबर चहाला पैसे?" मी म्हटलं. "आमच्या वेळी मुलगी बघायला जायचो तेव्हा चहा फुकट असायचा, वर पोहे."

"बाबा, प्लीज."

"अगं, एवढ्यात आमच्या घरी दिवाळी होते."

"तुम्ही सगळं दिवाळीतच मोजा," ती म्हणाली. "ती वर्षभर याच्याबद्दल बोलतेय हो."

पाठीमागून जावई म्हणाला, "बाबा, हौसेला मोल नसतं." हौसेला नसतं, पण पॅकेजला असतं, हे मी बोललो नाही. जावयाशी बोलताना मी निम्मं गिळतो, बाकीच्या निम्म्यावर आमचे संबंध चांगले आहेत.

मुलीने आईला एवढंच बजावलं की त्या दुपारी डोक्यावर काही टाकायचं नाही, केसांना दोन तास लागतात. बाकीचे दिवस भरलेले आहेत, काय करायचं ते त्याच दिवशी सकाळी कर. ही लगेच हो म्हणाली. तिला सकाळ पुरेशी होती.

सिंगापूरच्या धक्क्यावर आम्ही भेटलो. नात आधी आईच्या मागे गेली, मग पुढे आली आणि हिला खालपासून वरपर्यंत बघून म्हणाली, "आजी, तू फोनमध्ये मोठी दिसतेस." सगळे हसले. हीसुद्धा हसली, पण मी तिच्या शेजारी उभा होतो. ते हसणं पुरतं उमटलं नाही.

पुढे सामानाची तपासणी. यंत्रातून आमची बॅग बाहेर आली आणि तिथल्या बाईने ती बाजूला घेतली. बाई तरुण आणि फार नम्र. बोरं निघाली, उसाचे तुकडे निघाले, ओला हरभरा निघाला, चुरमुऱ्यांची पिशवी निघाली. घरचं खाणं जहाजावर चालत नाही, असं तिचं म्हणणं.

"तिला सांग, हे खायचं नाहीये," ही मुलीला म्हणाली.

"मग कशासाठी आहे, विचारतेय ती."

"डोक्यावर ओतायचंय."

"आई, असं नाही सांगता येत."

"मग सांग, पोरीला न्हाऊ घालायचंय."

"बोरांनी?" हे आमच्या मुलीने विचारलं की त्या बाईने, ते आता आठवत नाही. बोरं गेली. ऊस गेला, हरभरा गेला, चुरमुरे गेले. लिमलेटच्या गोळ्या आणि चॉकलेटं दुकानातली, सीलबंद होती, ती वाचली. शेवटी तिने बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला आणि आतले दागिने बघून विचारलं, खरे आहेत? हिला इंग्रजी बेताचं येतं, पण तेवढं कळलं. "खरे आहेत," ती मराठीत म्हणाली, "साखरेचे आहेत." त्या बाईला काय समजलं देव जाणे. तिने डबा अलगद बंद केला आणि हसून परत दिला. दागिने जहाजावर चढले, आणि आमच्या हिच्या लेखी अर्धी लढाई जिंकली.

दुसरी अर्धी आम्ही खोलीत हरलो. खोलीला गॅलरी होती. आमच्या हिचा एसीवर विश्वास नाही, एसीने सांधे धरतात. आत शिरल्या शिरल्या तिने एसी बंद केला आणि गॅलरीचं दार उघडं टाकलं. मग डब्यातून दागिने काढले, टेबलावर स्वच्छ रुमाल पसरला आणि त्यावर एकेक करून मांडून ठेवले, कोंदटू नयेत, हवेशीर राहावेत म्हणून. पुण्याच्या जानेवारीत हे बरोबरच आहे. आमच्याकडे त्या दिवसांत ओठ फुटतात, हलवा महिनाभर कडकडीत राहतो. समुद्राला हे कोणी सांगितलेलं नव्हतं. पहिल्याच रात्री रुमालाचं दुसरं टोक वर घेऊन तिने दागिने झाकले आणि धक्का लागू नये म्हणून मग आम्ही दोघंही तिकडे फिरकलो नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी नात काळा फ्रॉक घालून आमच्या खोलीत आली. हिने रुमाल उघडला आणि मुकुट उचलला. म्हणजे उचलायला गेली. दोरा हातात आला आणि मुकुट रुमालावरच राहिला. हलव्याचे काटे कधीच विरघळले होते, खाली नुसता चिकट, पांढुरका गोळा होता. हार आणि बाजूबंद कुठे संपतात ते कळत नव्हतं.

नातीने वाकून बघितलं. "आजी, हे आजारी आहे का?"

"हो गं बाळा," ही म्हणाली.

मी दारातच उभा होतो. मला फार वाईट वाटलं. तिने रुमालाची चारी टोकं गोळा केली, गाठ मारली आणि ते गाठोडं कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मग बाथरूममध्ये जाऊन हात धुतले. ही रागावली की बोलते. वाईट वाटलं की भांडी घासते, आणि जहाजावर भांडी नव्हती, म्हणून नळ बराच वेळ चालू राहिला.

ती बाहेर आल्यावर मी आपलं सुचवलं की गोळ्या-चॉकलेटं आहेत, तेवढीच ओत डोक्यावर, शास्त्रापुरतं होईल.

"दागिने नाहीत, नटवलेली नाही, लुटायला चार पोरं नाहीत," ती म्हणाली. "बसलेल्या पोरीच्या डोक्यात नुसत्या गोळ्या घातल्या तर त्याला बोरन्हाण म्हणत नाहीत, मारहाण म्हणतात. राहू दे."

एवढं बोलून तिने गोळ्यांची आणि चॉकलेटांची पाकिटं पर्समध्ये कोंबली. वाया कशाला घालवायची, म्हणून.

दुपारी मुलगी नातीला घेऊन खालच्या मजल्यावर गेली. जावई आणि मी बाहेरच्या खुर्च्यांवर बसलो. दोन तासांनी दार उघडलं आणि नात बाहेर आली. आता इथे मला काहीतरी खोचक बोलता आलं असतं, पण खोटं कशाला बोलू? पोरगी दृष्ट लागण्याइतकी सुंदर दिसत होती. निळा झगा, डोक्यावर वेण्यांचा मनोरा, त्यावर मुकुट. आणि मुख्य म्हणजे ती चालत वेगळी होती. पायाखाली काहीतरी नाजूक पसरलंय आणि ते तुटू नये, अशी. पैसे तिथेच वसूल झाले, हे मी मनात मान्य केलं. तोंडाने केलं नाही.

राजकन्येचा चहा मधल्या मोठ्या हॉलमध्ये होता. प्रत्येक मुलीबरोबर घरचं एकच माणूस, दुसरं हवं असेल तर वेगळे पैसे. नातीबरोबर आमची मुलगी जाणार हे ठरलेलं. ही म्हणाली, "मी इथून बघते ना, दोरीच्या बाहेरून. छान दिसतंय की." आणि पर्स पोटाशी धरून उभी राहिली. तिची ती उभं राहायची पद्धत बघून माझं टाळकंच फिरलं. पाच वर्षं बाहेरूनच बघतेय ही बाई! मी तडक काउंटरवर गेलो आणि एक खुर्ची जास्तीची घेतली. जन्मात पहिल्यांदा आधी वस्तू घेतली आणि मग भाव विचारला. भाव ऐकून हात कपाळाला गेला, पण तोवर ही आत जाऊन बसली होती.

जावई आणि मी दोरीबाहेर उभे राहिलो. आत सात-आठ मुली असतील, सगळ्या झग्यातल्या, निरनिराळ्या देशांच्या. राजकन्या म्हणजे एक उंच, गोरी मुलगी होती. कामात चोख. प्रत्येक पोरीपुढे गुडघे टेकून बसायची, नाव विचारायची आणि ते लक्षात ठेवायची. चहा झाल्यावर एकेकीला सोनेरी खुर्चीवर बसवायचं, बाकीच्यांनी भोवती कोंडाळं करायचं, आणि राजकन्येने बरणीतून चमचमती पूड काढून डोक्यावर शिंपडायची. मग टाळ्या.

आमच्या नातीची पाळी आली. ती खुर्चीवर बसली. भोवती पोरी जमल्या. राजकन्येने चिमूटभर पूड शिंपडली.

मी आमच्या हिच्याकडे बघत होतो. तिची नजर नातीवरून त्या पोरींवर गेली आणि परत नातीवर आली. नटवलेली पोर खुर्चीत, डोक्यावर काहीतरी पडतंय, भोवती पोरं. ती एकदम उठली. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर मी तिला इतक्या झटकन उठताना बघितलेलं नाही.

"थांबा, थांबा," ती राजकन्येला शुद्ध मराठीत म्हणाली. पर्स उघडली, पाकिटं फोडली, ओंजळ भरली आणि नातीच्या डोक्यावर ओतली.

मुकुटावर गोळ्या टणटण वाजल्या. मग भोवतालच्या राजकन्यांनी झगे गुडघ्याच्या वर खोचले आणि खाली झेप घेतली. टेबलाखाली, खुर्चीखाली, एकमेकींच्या अंगावर. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. लुटायचं असतं हे पोरांना सांगावं लागत नाही.

"अजून!" नात ओरडली. हिने दुसरी ओंजळ भरली. आमची मुलगी अर्धवट उठून "आई! आई, केस!" म्हणत होती, पण आई ऐकण्याच्या पलीकडे गेली होती. वेण्यांचा मनोरा एका बाजूला कलला, मुकुट कानावर आला. माझ्या शेजारी जावई म्हणाला, "बाबा, हे पॅकेजमध्ये आहे?" मी म्हटलं, "नाही, हे वरचं."

मग वॉकी-टॉकी घेतलेली एक बाई धावत आली. गोळी एखादीच्या घशात अडकली तर, असं तिचं म्हणणं, आणि ते रास्तच होतं. मुलीने तिची माफी मागितली, आमच्यात हा मुलांसाठीचा विधी असतो वगैरे सांगितलं, आणि दोघींनी मिळून पोरींच्या मुठीतल्या गोळ्या काढून त्यांच्या आयांच्या हवाली केल्या. ही जागेवर येऊन बसली आणि चहा प्यायली. गार झालेला चहा तिला एरवी चालत नाही.

बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, "आई, दोन तासांची वेणी होती गं."

"माहितेय," ही म्हणाली. "पण न्हालं एकदाचं घोडं गंगेत."

नात मात्र खरोखर चिडली होती. "माझ्या डोक्यावर टाकल्या आणि मला दोनच मिळाल्या!" तिने मूठ उघडून दाखवली. एक लिमलेट, एक चॉकलेट. वॉकी-टॉकीवाल्या बाईपासून ती तिने झग्यात लपवली होती. पुण्याचं रक्त कुठे जातंय?

संध्याकाळी आम्ही फोटोंच्या काउंटरवर गेलो. फोटो पॅकेजमध्ये नसतात, हे ओघानेच आलं. तिथला मुलगा पडद्यावर एकेक फोटो दाखवत होता. नात आणि राजकन्या, नात आणि मुलगी, नात सोनेरी खुर्चीवर हसताना. सगळे छान, सगळे सारखे. मुलीने त्यातले दोन निवडले.

मग एक वेगळाच आला. नातीचे डोळे गच्च मिटलेले, तोंड हे एवढं उघडं, मुकुट कानावर, गोळ्या हवेत. एका कडेला राजकन्या अर्धी दिसत होती, हसू की नको अशा चेहऱ्याने. आणि वर, फोटोच्या अगदी काठाला, हिरव्या बांगड्यांचे दोन हात. मनगटाच्या मागे काही नाही. हिचा चेहरा नाही, साडी नाही, काही नाही. नुसते हात.

तो मुलगा ओशाळला. हा जरा बिघडलाय, म्हणाला. मग काहीतरी सुचल्यासारखा खुलला. हवा असेल तर वरचे हात कापून देतो, पोरीचा चेहरा मोठा करता येईल, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

मुलीने ते आम्हाला मराठीत सांगितलं. ही पुढे झाली, चष्मा नाकावर सरकवून तिने पडद्याकडे नीट बघितलं.

"कापू दे ना," ती हळूच म्हणाली. "पोरीचा चेहरा किती छान आलाय. हात कशाला मध्ये."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्या पोराला चार शब्द सुनावायला तोंड उघडलं, कुठल्या भाषेत ते ठरायचं होतं. पण मुलगी माझ्या आधी पुढे झाली. तिने एक हात काउंटरवर टेकवला आणि दुसऱ्याने आईचं मनगट धरलं.

"हात राहतील," ती त्याला म्हणाली. "कापायचंच असेल तर त्या राजकन्येला काप."